माझ्या खांद्यांतलं लोणी

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. चारही चाकांनी जोर लावणारी. वय विचारू नका. कागदावर एक आहे, सांगायचं दुसरं. आदिलाबादकडे, तलमडुगूजवळच्या एका खेड्यात टिनाच्या छपराखाली माझा मुक्काम असतो. आणि आधीच सांगून ठेवते, मला थापा मारायची सवय आहे. ती मी कारखान्यातून आणलेली नाही. महिपतने लावली.

महिपत माझा ड्रायव्हर. मी सरकारी होते तेव्हा आम्ही दोघं उटनूरच्या जंगलातल्या गावांना औषधाच्या पेट्या पोचवत असू. एकदा नाला दुथडी भरला होता, तर मी पोहत गेले. पलीकडे जाऊन अंग झाडलं तेव्हा टपावरून दोन मासे पडले. एकदा मागच्या सीटवर वाघ येऊन बसला. चौकीवर शिपायाने पास मागितला, तसा बिचारा खाली उतरून पायी गेला. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा. पण हे खरं आहे की अडलेल्या कितीतरी बायकांना मी चिखलातून दवाखान्यात नेलं. काही बाळं तर दवाखान्याची वाट न पाहता माझ्यातच जन्मली. त्यातल्या एकाने पहिल्यांदा रडण्याऐवजी हॉर्न वाजवला, असं महिपत सांगे.

मग सरकारने मला म्हातारी ठरवून हर्राजात काढलं. हर्राज म्हणजे लिलाव. निजाम गेला, शब्द मागे राहिला. बाकीचे लोक माझ्या लोखंडावर बोली लावत होते. महिपतने एकट्याने माझ्यावर लावली.

त्याच्या घरी बैल नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावात बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात आणि म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ गावभर खांदेमळणी चाललेली असे, तेव्हा महिपत वाटी घेऊन माझ्यापाशी बसे. माझे खांदे म्हणजे पुढच्या एक्सलची दोन टोकं. तिथे लोखंडाचा एकेक गोळा असतो, आत बेरिंगं असतात, आणि त्यांच्याच जिवावर माझी चाकं डावीउजवीकडे वळतात. महिपत तिथलं बूच पान्याने उघडून वाटीतलं पिवळं ग्रीस आत भरी.

एकदा त्याची बायको, द्वारकाबाई, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

“हे काय भरून राह्यले तुमी?”

“लोणी,” महिपत म्हणाला. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. “लोण्याबिगर खांदेच वळत नाईत हिचे.”

“तरीच! माह्या मडक्यातलं लोणी कमी काऊन होते, ते आज समजलं!”

महिपत हसला. मीही हसले असते, पण चावी खिशात होती. दुसऱ्या दिवशी त्याने मला बेगड लावली, झूल घातली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. शेजारच्या सीटवर द्वारकाबाई नव्या लुगड्यात, पाटलीणबाईच्या थाटात. बैल माझ्याकडे बघून नाकं मुरडत. मी त्यांच्याकडे बघून मुरडे.

एका उन्हाळ्यात महिपत गेला. यात थाप नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी द्वारकाबाई एकटी आली. हातात त्याचा पाना आणि एक वाटी. वाटीत खरं लोणी होतं, वर हळद. तिने बूच उघडलं, बोटाने लोणी आत लोटलं, माझ्या खांद्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

मग तिने बूच पदराने पुसलं आणि पान्याने घट्ट बसवलं.

ती दर वर्षी अशीच एकटी, कोणाला न सांगता येत राहिली. लोण्यात ताक असतं, आणि ताक म्हणजे लोखंडाला पाणीच. आधी मी वळताना कुरकुरू लागले. मग स्टिअरिंग हिवताप आल्यासारखं थरथरू लागलं. तिचा मुलगा रविकांत, आदिलाबादला शाळेत मास्तर आहे, तो सुटीच्या दिवशी मला फिरवून आणी. पण मास्तर लोक गाडीखाली वाकत नाहीत. शेवटी चाकं वळेनात, तेव्हा त्याने मला छपराखाली लोटलं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी देऊ लागल्या. तरी पोळा आला की द्वारकाबाई वाटी घेऊन येईच.

यंदा ती मुलाला म्हणाली, “रवी, एकडाव तिले तोरणाखाली ने. तुह्या बाबानं नेली तशी. मले तिच्यात बसून जाऊ दे.”

रविकांतने मारोतीला बोलावलं. मारोती महिपतचा चेला, भैंसा गावी त्याचं गॅरेज आहे. त्याने मला ओंडक्यांवर चढवलं, पुढची चाकं काढली, हब काढले. मी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या म्हातारीसारखी अंग चोरून होते. मग त्याने खांदा उघडला. आंबूस वास अंगणभर सुटला.

रविकांत वाकला आणि खो खो हसत सुटला. “मारोतीदादा, हे तं लोणी हाय! हळद बी हाय! कोन्या येड्यानं भरलं हे? आता फोडणीच द्याची राह्यली!”

मागे द्वारकाबाई चहा घेऊन उभी होती.

मारोतीने तिला पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, “नाल्याचं पाणी गेलं हो काकू आतमधी. लोण्यानंच तं इतके दिवस टिकली!”

“मारोती,” ती म्हणाली, “उस्तादासारखं खोटं नको बोलू. तुले जमत नाई.” मग थोडं थांबून, “ते भरत होते, ते लोणी नव्हतं?”

“ग्रीस होतं, काकू. पिवळं ग्रीस.”

ती हसली. खरंच हसली. “म्हणजे थट्टा केली होती त्यायनं माह्यासंग. अन् मी तवा हसली बी नाई.” तिने चहा माझ्या बॉनेटवर ठेवला, आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “माह्या हातानंच खाल्ले तिचे खांदे.”

“माय, मले काय माहीत...” रविकांत म्हणाला. ती घरात निघून गेली होती. चहा माझ्या बॉनेटवरच निवला.

मारोतीने नंतर एकही थट्टा केली नाही. गंजून भुगा झालेली बेरिंगं काढली. गोळे रॉकेलने धुतले, घासले. नवी बेरिंगं पितळी दांड्याने ठोकून बसवली, कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ चकत्या घातल्या, आणि ताणकाटा अडकवून खांदा ओढून पाहिला. फार सैल नको, फार ताठ नको. नवं सील, नवं ग्रीस. मी एका बोटाने वळू लागले. इतकी हलकी मी तरुणपणीही नव्हते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावभर हळदीचा वास होता. मी वाट पाहत होते. मारोती तिला सांगून गेला होता, “वरून चोळा ना काकू. वरून काहीच बिघडत नाई.” ती आली. हात पदरात गुंडाळलेले. लांबूनच माझ्याकडे बघितलं आणि परत गेली. आवतन कोणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविकांत म्हणाला, “चाल ना माय, बस.”

“तूच ने,” ती उंबऱ्यातून म्हणाली. “माहा हात नको लागू देऊ तिले.”

मी तोरणाखाली उभी राहिले. झूल होती, बेगड होती, शेजारची सीट रिकामी होती. बैलांनी नाकं मुरडली नाहीत.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्याची सेवा कराल, त्याला काय मानवतं ते आधी विचारून घ्या. आणि एखाद्याने जीव लावताना चूक केली, तर हसण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघा. आणि कधी तलमडुगूकडे आलात, तर द्वारकाबाईला माझा निरोप द्या. म्हणावं, जीप सांगते, लोण्याने मला कधी काही झालं नाही. एक दिवससुद्धा खांदा दुखला नाही.

ही माझी सगळ्यात मोठी थाप आहे. पण मारोती तुम्हाला खोटं पाडणार नाही.