गोळी उष्ण पडते

माझी बायको जाऊन दीड महिना झाला. मुलगी म्हणायची, दवाखान्याने मारलं. मी गप्प बसायचो.

आम्हा दोघांना एचआयव्ही. आधी मला, माझ्याकडून तिला. मुलगी त्याच्या आधीची, ती सुटली. सतरा वर्षं दोघांची गोळी एकच. जेवण झालं की मी हाक मारायचो, "अगं, गोळी."

मी फर्निचरला पॉलिश करतो. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणावर होती. एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि अंगातून वाफा निघू लागल्या. बसल्या जागी मानेवरून घाम, छातीत धडधड. शेजारच्या मशीनवरची म्हणायची, "तू नुसती इस्त्रीवाल्याजवळ बस गं, त्याची वीज वाचेल." ती हसायची. घरी आली की फरशीवर आडवी व्हायची. सकाळी चादर पिळून घ्यावी इतकी ओली.

तिच्या मनात वेगळंच. "अहो, सुरुवातीला असाच घाम यायचा ना? रोग उलटला की काय?"

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "विषाणू सापडतसुद्धा नाही. उत्तम आहे. घामाचं बायकांच्या डॉक्टरांना विचारा."

तिकडे गेलो. त्या बाईंनी कार्ड वाचलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. तपासलं नाही. "तुमच्या त्या गोळ्यांमुळे असेल. तिकडेच विचारा."

तोवर तिचे दोन खाडे झाले होते. मुकादम तिसरा देईना. घरी आल्यावर मी बोललो, "गोळी उष्ण पडत असेल तुला. थोडे दिवस बंद करून बघ."

"तुम्हाला नाही पडत ती?"

"बाईचं अंग वेगळं असतं."

मी लाकूड घासणारा माणूस. बाईच्या अंगातलं मला काय कळतंय? पण सतरा वर्षं गोळीची आठवण करणारा मीच. मीच नको म्हटल्यावर तिला शंका आली नाही.

पहिले पंधरा दिवस घाम खरंच कमी झाला. "बघा, उष्णच होती मेली," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. मला अक्कल असल्यासारखं वाटलं.

मग घाम परत आला. पण आता दवाखान्यात सांगायचं कोणत्या तोंडाने? तिथल्या समुपदेशक बाई डबीत एक गोळी उरली तरी रागवायच्या. उरलेल्या गोळ्या मी मोरीत टाकायचो आणि रिकामी डबी तिच्या पिशवीत ठेवायचो. सुरू करू, करू म्हणत राहिलो. आठव्या महिन्यात ताप आला, डोकं ठणकायला लागलं, मग बोलणं अडखळलं. गोळीविना अंगात जोर उरला नव्हता; टीबी झाला आणि मेंदूत गेला.

भरती केलं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का कधी?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

ती माझ्याकडे बघत होती. तिची वाचा गेली होती. चार दिवसांनी ती गेली.

काल मुलीने मला दवाखान्यात नेलं. समुपदेशक बाईंच्या टेबलावर तिने हात आपटला. "आईने एक दिवस गोळी चुकवली नाही. मग गेली कशी? मला लेखी पाहिजे."

बाईंनी कागद पुढे ओढला, पण लिहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "काका?"

कागदावर माझं खोटं उतरणार होतं. मी सांगून टाकलं. डबीचं, मोरीचं, सगळं.

बाईंनी कागद बाजूला सारला. "काका, गोळी उष्ण नव्हती हो. पाळी जाताना बायकांना असं होतं. त्याला उपाय आहेत. ही गोळी चालू ठेवून करता येतात."

"मग आम्हाला कोणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही मला विचारलं नाहीत." मग मान खाली घालून म्हणाल्या, "आणि मी कधी कुठल्या बाईला विचारलं नाही. मी फक्त डबी बघते."

मला वाटलं मुलगी ओरडेल. तिने हळूच विचारलं, "आठ महिने तुम्ही तुमची घेत होता, बाबा?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"तिच्यासमोर?"



परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या पुढे चढली. खिडकीशी बसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली. मी दांडा धरून घरापर्यंत उभा राहिलो.