चुण्या

काचपट्टीवरचं ते गुलाबी कडं – सशाच्या धमनीचा केसाहून पातळ काप – भिंगाखाली आलं आणि तिची नजर आतल्या काळ्या रेघेपाशी अडली. रेघ सरळ गोल फिरायला हवी. ही मात्र परकराची नाडी ओढल्यावर कमरेला पडाव्यात तशी चुण्याचुण्यांची... पुन्हा तेच! औषध न दिलेल्या सगळ्या सशांच्या धमन्या अशा आकसलेल्या, आणि औषध दिलेल्यांच्या कशा मस्त, ऐसपैस.

बघणाऱ्यानं म्हणावं, काय गुणी औषध! चरबीचं खाणं घालून मुद्दाम आजारी पाडलेले ससे, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही, आणि हा असा डोळे दिपवणारा फरक. पण ससा गेला की त्याच्या धमनीत दाबानं द्रावण भरावं लागतं, जिवंतपणी ती रक्तानं फुगलेली असते तशीच राहावी म्हणून. औषधवाल्या सशांच्या वेळी पंप चालू होता. उरलेल्यांच्या वेळी तो बंद पडला – मी तेव्हा दवाखान्यात, आईच्या उशाशी – आणि सर म्हणाले, बुडवा तशाच बाटलीत, परिषद काय आपल्यासाठी थांबणारेय? म्हणजे यातलं किती अरुंदपण रोगाचं आणि किती आमच्या घाईचं, कोण सांगणार? फुग्यातली हवा सोडायची आणि वर म्हणायचं, बघा, बिचारा किती वाळला!

"झालं मोजून?" सर दारातच उभे होते.

"झालं. पण हे चालणार नाही, सर. सगळं परत करावं लागेल."

सर हसले. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं. पण काप घेताना पातं कसं धरायचं तेही यांनीच शिकवलेलं, न चिडता, दहादा.

"अगं, चार चुण्यांसाठी सगळ्यावर पाणी सोडायचं? तुझ्या आईच्या हृदयाच्या नळ्याही अशाच ना अरुंद झाल्यात? तुला तर सगळ्यांत जास्त घाई हवी."

आई का मध्ये आणली यांनी... तिचे कान तापले. आईला पुढे करून मला गप्प बसवायचं? जमणार नाही.

"माझं नाव काढा परिषदेच्या निबंधावरून."

"मग इथली जागाही जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

किती सहज म्हणून गेली ती! संध्याकाळी घराकडे चालतानाही मान ताठच होती, जरा जास्तच, एखादीनं नवी साडी मिरवावी तशी.

आई जिन्यात भेटली. दर मजल्यावर थांबते. दम लागला असं मरेस्तोवर म्हणणार नाही, खिडकीतून बाहेर काहीतरी बघत राहते. अख्ख्या इमारतीला सांगून झालंय, आमची लेक औषध काढतेय.

"काय म्हणतंय आमचं औषध?"

"चुकलंय, आई. मोजणंच चुकलंय. परत पहिल्यापासून करायला हवं."

"परत ससे?"

"हो."

आई खिडकीबाहेरच बघत राहिली. "म्हणजे आधीचे उगाच मेले म्हणायचे." मग हलकेच, "आणि मी थांबू तोवर, होय ना?"

सरांसाठी राग तयार होता. आईसाठी काहीच नव्हतं. आणि खरं तर औषध चांगलं असेलही... नसेलही. तेच तर कुणाला ठाऊक नाही. 'होईल गं लवकर' एवढंच म्हणायचं होतं, जगातली सगळी माणसं म्हणतात. शब्द ओठांवर आले, आणि तिनं ते गिळले. दुष्टच आहे मी, तिला वाटलं. असेन. सरांपुढचा ताठा कुठल्या कुठे गेला होता, आणि तरी आत काहीतरी हट्टानं उभंच होतं, कुणी शाबासकी देणार नाही हे माहीत असूनही: खोटं नाही सांगणार. कुणालाच नाही... तुला तर नाहीच.