केळीचा राखणदार

निसर्गाचा समतोल राखणं हे माणसाचं परमकर्तव्य आहे, असं रावेरच्या झुलालनानांना हल्ली मनोमन पटलं होतं. हल्ली म्हणजे नाल्यात लांडगा राहायला आला आणि रानडुकरं केळीत शिरायची थांबली, तेव्हापासून.

आज मात्र नानांचा जीव थाऱ्यावर नव्हता. घड कापणीला आलेले, ट्रक रस्त्यावर उभा, आणि लांडग्याची कुणकुण लागली की मजूर पळणार. अन् हा पठ्ठ्या दिवसाढवळ्या बांधावर येऊन बसला.

"नाना, ते काय?" मुकादम उमरचा कोयता थांबला.

"कुत्रा आहे. आपलाच."

"मग हाक मारा बरं."

"मोत्या," नाना पडेल आवाजात म्हणाले.

लांडग्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो उठून नाल्यात उतरला.

"चला, तुमचं ऐकणारं कुणीतरी आहे म्हणायचं," उमर म्हणाला आणि पुढच्या घडाकडे वळला.

संध्याकाळी ट्रक भरून गेला; उरलेले घड पुढच्या आठवड्यात कापायचे होते. नानांनी बायकोला लांडग्याचे उपकार सविस्तर ऐकवले. वच्छलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"डुकरं सध्या शेजारच्या मक्यात असतात," त्या म्हणाल्या.

मका सोमवारी निघणार होता.