मापातले तांदूळ

नवी सून दारात आली की आपण काय करतो? उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवतो आणि तिने उजव्या पायाने ते आत लवंडायचं. तांदूळ घरात सांडले की म्हणे लक्ष्मी आली. पायानेच का, हे कोणी विचारत नाही. मुलुंडच्या वनमालाबाई परबांनीही ते कधी विचारलं नव्हतं. सोळाव्या वर्षी त्यांनी स्वतः माप लवंडलं होतं, आणि आता सुनेसाठी तेच पितळी माप चिंच लावून घासून ठेवलं होतं.

फक्त ही सून बँकॉकहून यायची होती.

वनमालाबाईंचे यजमान परळच्या गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि त्या धक्क्यातून ते काही उठले नाहीत. थोरला चंद्रप्रकाश गिरणीतलाच फिटर. इथे काम मिळेना म्हणून त्याने थायलंडमधल्या एका सूतगिरणीत नोकरी धरली. तिथे सुताची तपासणी करणारी सुमाली त्याला भेटली आणि शहाऐंशी साली दोघांनी तिकडेच नोंदणी करून लग्न केलं. बातमी कळल्यावर वनमालाबाई आधी रडल्या, मग रागावल्या आणि शेवटी माप घासायला बसल्या. आईचं दुसरं काय होणार?

विमानात सुमालीचे प्रश्न संपत नव्हते. सासूला काय म्हणायचं? आई म्हण. वाकून नमस्कार कोणाकोणाला? जो म्हातारा दिसेल त्याला. जेवताना डावा हात चालतो का? अजिबात नाही. परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी कधी करायची, परत तिकडे जायचं झालं तर व्हिसाचं काय, आणि सगळ्यात मोठी काळजी, नाम प्ला पुरेल का? नाम प्ला म्हणजे तिकडचं माशाचं खारं पाणी, त्याशिवाय थाई माणसाचं जेवण होत नाही. मुंबईत ते मिळत नाही असं आधीच कळल्यावर तिने दोन बाटल्या बरोबर घेतल्या होत्या, त्यातली एक पुढे बॅगेत फुटली. चंद्रप्रकाशने तिला सगळं सांगितलं, फक्त माप सांगायचं राहिलं. बायकांच्या रीती पुरुषांच्या डोक्यात राहत नाहीत. त्या आटोपल्या की जेवण असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

दारात अर्धी सोसायटी जमली होती. पुढे अर्थातच रतनताई. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष, आणि सोसायटीतला शकुन-अपशकुन त्यांच्याच सहीने ठरायचा. वनमालाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि खुणेनेच सांगितलं, पायाने लोट.

सुमालीने खाली पाहिलं. पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मग ती नवी नऊवारी सांभाळत उंबऱ्याशी खाली बसली, दोन्ही हातांनी माप उचललं, कपाळाला लावलं आणि ते उराशी धरून घरात आली. एक दाणा सांडला नाही.

बायकांत कुजबुज झाली. रतनताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, की दाराशी लक्ष्मी अडली, आता या घराचं काही खरं नाही. वनमालाबाईंचं तोंड उतरलं. सून आल्या पावली हट्ट करते, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं.

पुढचे दिवस मात्र मजेचे गेले. बॅगेतल्या माशाच्या वासाने सोसायटी नाक मुरडत होती, पण वनमालाबाईंना तो आपल्या कोकणातल्या सुकटीचा सख्खा भाऊ वाटला. उरलेल्या बाटलीतले चार थेंब त्यांनी माशाच्या तिखल्यात घालून पाहिले आणि कोणाला न सांगता दुसऱ्या दिवशीही घातले. एकदा त्या सुनेच्या डोक्याला तेल लावायला गेल्या तर ती दचकून बाजूला झाली. त्यांना लागलं. चंद्रप्रकाशने समजावलं की तिकडे डोक्याला असं कोणी हात लावत नाही, डोकं म्हणजे देवाची जागा. दुसऱ्या दिवशी सुमालीच तेलाची वाटी घेऊन सासूपुढे येऊन बसली आणि मान पुढे केली. चंद्रप्रकाश देवघराकडे पाय करून झोपला की ती त्याला उठवून फिरवायची. वनमालाबाई म्हणायच्या, मी वीस वर्षं हेच सांगत होते, तेव्हा याने ऐकलं नाही.

जिन्यावरचे पुरुष मात्र 'बँकॉकची' एवढाच शब्द उच्चारून हसत. यांतला एकजण बँकॉकला गेलेला असेल तर शपथ. पण एका अख्ख्या देशाच्या लेकीबाळींबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे, असं यांचं तोंड सांगायचं. दिवसभर पाळीत उभी राहून सूत तपासणाऱ्या बाईकडे पाहून हसायला लाज कशी वाटली नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

खरी वेळ आली ती क्षमाच्या लग्नावरून. क्षमा ही चंद्रप्रकाशची धाकटी बहीण, टेलिफोन ऑपरेटर. रतनताईंनीच तिला पार्ल्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा मधुकर चांगल्या नोकरीत, दिसायला बरा, आणि क्षमाला तो आवडलाही होता. साखरपुड्याची तारीख ठरली, आणि त्याच्या आधल्या आठवड्यात मुलाच्या आईचा, राधाबाईंचा निरोप आला. तुमच्या घरात सुनेने माप लवंडायचं नाकारलं असं ऐकतो. असल्या अपशकुनी घरातली मुलगी आम्ही कशी करायची? साखरपुड्याच्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत तुमच्या सुनेने नीट पायाने माप ओलांडावं, मग पुढचं बोलू.

वनमालाबाईंनी होकार कळवून टाकला. वडील नसलेली मुलगी, ठरलेलं लग्न, त्यात त्यांना काही चूक दिसली नाही. चंद्रप्रकाशनेही बायकोला गळ घातली. नुसता अंगठा लाव, क्षणभराचं काम, पोरीचं आयुष्य मार्गी लागेल.

सुमाली सासूसमोर येऊन बसली आणि जमेल तशा मराठीत म्हणाली, "आई, माझी आई भातशेती करते. आमच्याकडे तांदूळ म्हणजे आई. जेवलो की ताटाला हात जोडतो. क्षमासाठी मी काय पण करेन. पण आईला पाय नाही लावणार."

आणि त्याच संध्याकाळी तिने बॅग बाहेर काढली. आपल्यामुळे नणंदेचं लग्न मोडत असेल तर आपण माहेरी गेलेलं बरं, असं तिने नवऱ्याला सांगितलं. चंद्रप्रकाश म्हणाला, मग मीपण येतो. वनमालाबाईंनी ते ऐकलं. एका मापापायी मुलगी बिनलग्नाची घरात राहणार, नाहीतर मुलगा घर सोडून जाणार.

साखरपुड्यासाठी वनमालाबाईंचा थोरला भाऊ धाकू कुडाळहून आला होता. सत्तरीचा माणूस, जन्म शेतात गेलेला, आणि बोलणं कोणाच्या बापाला न घाबरणारं. बहिणीने त्याच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं, आणि सुनेला चार शब्द सांग म्हणाली. धाकूमामांनी सुनेला काहीच सांगितलं नाही. उलट बहिणीलाच विचारलं, "वनमाला, खळ्यात कधी चपला घालून गेलंस काय गो?"

"खळ्यात? छे. बाबांनी पाय मोडले असते."

"एकदा मी वहाण घालून गेलंय तर बापाशीन कानफटात मारल्यान. धान्याक पाय लागता म्हणान. मग ह्या पोरीन काय वेगळा केल्यान? आपल्या बापाशीन शिकयला ताच केल्यान ना? तू इसारलंस, तिणा नाय इसारल्यान."

वनमालाबाईंना आपलं लग्न आठवलं. त्या मापाला पाय लावताना त्यांचाही पाय कचरला होता. घरी तांदळाचा दाणा पायाखाली आला तर उचलून डोळ्याला लावायची सवय, आणि इथे तर माप भरून तांदूळ. पण मागून कोणीतरी ढकललं, लोट गं, उशीर होतोय, आणि त्यांनी लोटलं. नंतर तांदळावरून चालत जाताना त्यांनी मनातल्या मनात हात जोडले होते. आपल्याला जे बोलता आलं नाही ते ही परकी पोर खाली बसून, सगळ्यांसमोर करून मोकळी झाली. आणि तिलाच आपण हट्टी म्हणालो!

साखरपुड्याला माणसांनी घर भरलं. राधाबाई खुर्चीवर बसल्या, शेजारी मधुकर, मागे त्यांचं गणगोत. रतनताईंनी पुढाकार घेऊन माप उंबऱ्यावर आणून ठेवलं आणि सुमालीला दाराबाहेर उभं केलं. जिन्यावरची हसरी मंडळीही मुद्दाम वर आली होती. सुमाली खाली मान घालून उभी होती. तिची भरलेली बॅग आतल्या खोलीत होती.

वनमालाबाई उठल्या. गुडघे दुखत होते तरी उंबऱ्याशी वाकल्या, दोन्ही हातांनी माप उचललं आणि कपाळाला लावलं. मग ते एका हाताने उराशी धरलं आणि दुसऱ्या हाताने सुनेचा हात धरून तिला घरात घेतलं.

"या घरात यापुढे तांदळाला पाय लागणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेचा नाही, आणि उद्या नातसून आली तर तिचाही नाही. माझी सून अन्नाला मान देते. ज्यांना यात अपशकुन दिसतो, त्यांनी मुलगी दुसरीकडे बघावी."

राधाबाईंना वाटलं मुलीची आई भानावर नाही. त्यांनी क्षमाकडे पाहिलं. तूच सांग बाई, तुझ्या लग्नाचा प्रश्न आहे.

क्षमाचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "माझ्यासाठी तुमच्या दारात माप ठेवलंत तर मीही हातानेच उचलीन. चालेल का?"

चालणार नव्हतं. राधाबाई उठल्या, गणगोत उठलं. मधुकरही उठला. चपला घालताना तो एकदा थांबला आणि क्षमाला वाटलं हा काहीतरी बोलेल. त्याने आईची पिशवी उचलली आणि गेला. लग्नाआधीच कळलं म्हणायचं!

क्षमा रडली. का रडू नये? आवडलेला माणूस डोळ्यांदेखत निघून गेला होता. पण सुमाली तिची माफी मागू लागली तेव्हा तिने वहिनीला गप्प केलं. "तुला मान खाली घालायला लावून मी या घरातून सुखाने गेले असते का गं?" एवढंच ती म्हणाली आणि आत जाऊन वहिनीची बॅग रिकामी करायला लागली.

त्या मापातले तांदूळ वनमालाबाईंनी त्याच दुपारी शिजवले. जी माणसं थांबली ती पंगतीला बसली. रतनताईही राहिल्या, वाढलेलं जेवण टाकून जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. जेवण झाल्यावर सुमालीने रिकाम्या ताटाला हात जोडले. धाकूमामांनी जोडले. वनमालाबाईंनी जोडले. रतनताईंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि पदर सावरण्याच्या निमित्ताने त्यांचेही हात जुळले.

वाचकहो, आपल्या घरांतून आता लांबलांबच्या मुली सुना होऊन येतील. कोणी बंगालहून, कोणी बँकॉकहून. त्यांना आपण व्हिसा, नोंदणी, साडी नेसणं, सगळं शिकवू. पण त्या आपल्या घरात येताना रिकाम्या हाताने येत नाहीत, आपल्या आईने शिकवलेलं काहीतरी घेऊन येतात. ते दाराबाहेर टाकून ये, असं सांगायचा अधिकार कोणत्याही सासूला नाही, नवऱ्याला नाही आणि सोसायटीला तर मुळीच नाही. रीत माणसाला घरात घेण्यासाठी असते. जी रीत त्याला उंबऱ्यावर उभं करून खाली मान घालायला लावते, ती बदलावी, आणि चारचौघांत बदलावी.

दोन वर्षांनी क्षमाचं लग्न ठरलं, घाटकोपरच्या घरात. दारात माप होतं. क्षमा खाली वाकली, माप हातात घेतलं आणि सासूकडे पाहिलं. सासू क्षणभर गोंधळली, मग बाजूला सरकून म्हणाली, "ये, आत घेऊन ये."