सुनदोकची बाग

सोलच्या त्या डोंगरउतारावरच्या वस्तीत सावलीला एक झाड नव्हतं. होता तो कचऱ्याचा उकिरडा. तिथं बाग व्हावी म्हणून सुनदोकनं वर्षानुवर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. "आमच्या पोरांनी खेळायचं कुठं? तुमच्या डोक्यावर?" असं साहेबांच्या तोंडावर विचारणारी बाई ती!

अखेर बाग झाली, आणि वस्तीला भाव आला. लांबलांबची माणसं फिरायला यायला लागली. सुनदोक ज्या घरात खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायची, त्या घराची मालकीण मालरे. तिच्या लेकाला लगेच त्याच खालच्या मजल्यावर कॉफीचं दुकान काढायची हुक्की आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

"ताई, पोरगा ऐकत नाही गं," मालरे खाली मान घालून म्हणाली. "मी काय करू?"

सुनदोकनं सामान बांधलं. उभा जन्म काढला तरी घर काही तिचं नव्हतं. बागेतल्या झाडांना पहिली पालवी फुटायच्या आत ती शहराबाहेरच्या एका खोलीत राहायला गेली.

थंडी पडली. वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले. दरवर्षी सगळ्या बायका मालरेच्या परसात जमायच्या आणि मसाला चाखून मीठ सांगायचं ते सुनदोकनंच. यंदा फोन आला नाही. घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का, असं म्हणून तिनं ॲप्रन आणि रबरी हातमोजे पिशवीत टाकले, चांगली लाल मिरचीपूड घेतली आणि दोन बस बदलून ती निघाली. वाटेत बागेत पोरं घसरगुंडीवर ओरडत होती. तिला फार बरं वाटलं.

"अगंबाई, ताई! एवढ्या लांबून?" परसातल्या बायका ओरडल्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. सुनदोक हातमोजे चढवायला लागली, तसा मालरेनं कोपरानंच तिला अडवलं.

"तू कशाला हात खराब करतेस? दमून आलीस. बस बरं."

तिला खुर्ची दिली. मसाला दुसऱ्याच बाईनं चाखला. मग उकडलेलं डुकराचं मांस आलं. काम करणाऱ्या बायकांचे हात बरबटलेले असतात, म्हणून त्या नुसता आ करतात आणि कुणीतरी कोबीच्या पानात गुंडाळलेला घास त्यांच्या तोंडात कोंबतं. दरवर्षी सुनदोकच्याही तोंडात कुणीतरी कोंबायचं, वर "हावरट म्हातारी!" म्हणून चिडवायचं. यंदा तिच्यापुढं ताटली आली, चॉपस्टिक आल्या. तिचे हात स्वच्छ होते.

निघताना मालरेनं कापडात बांधलेला डबा पुढं केला. "तुझा वाटा."

"वाटा राबणाऱ्याचा असतो गं," सुनदोक म्हणाली. "पाहुणी केलीस मला. माझ्याच वस्तीत."

मालरे एकदम रडायलाच लागली. लाल हातांनी डोळेही पुसता येईनात तिला.

"तू मसाल्यात हात घातला असतास ना ताई," ती म्हणाली, "तर संध्याकाळी तुला परत जा म्हणायला माझी जीभ रेटली नसती. आणि ठेवून घ्यायला खोली कुठाय माझ्याकडं?"

सुनदोकनं आपल्या बाहीनं तिचे डोळे पुसले, डबा उचलला आणि अंधार पडायच्या आत ती बस थांब्याकडं निघाली.