बाभळीतला हुलगा

लढाईच्या साली कुठल्याशा कंपनीनं आमच्या वरचा डोंगर उकरला, पायजे ते काढून नेलं आणि खाण तशीच टाकून पसार झाली. सगळा भुगा नि पांढरा चिखल पावसासंगं आमच्या रानात उतरला. बाजरी वीतभर व्हायची, पिवळी पडायची, की मेलीच! माझं मालक सयाजी तवा पलटणीत. जाताना म्हणलं, "हरणे, रान संबाळ." आता असलं रान कसं संबाळायचं, सांगा!

मी मेंढरं बसवली. माणदेशातला धुळामामा धनगर दरसाल आमच्या वाटंनं जायचा. कळप रानात बसला की लेंड्यांचं खत पडतंय. धाकटा दीर नाथाजी लोळून हसला. "वैनी, मढ्याला जेवाय वाढताय व्हय?"

पाऊस पडला आणि बघते तर रानभर बाभळीची रोपं! मेंढरांनी वाटंत शेंगा खाल्ल्या आणि बिया माझ्या रानात टाकल्या. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. औंधला यमाईच्या जत्रंत धुळामामाला गाठलं नि चारचौघांत झापलं. "मामा, काटं पेरलं तुमी माझ्या रानात!"

"मग उपट की बाय," म्हातारा म्हणाला. "मेंढरू काय शेंग सोडतंय व्हय?"

घरी येऊन उपटायलाच बसले. बाकी रान फरशीवाणी कडक, पण बाभळीच्या मुळीसंगं भुसभुशीत माती निघाली, काळसर. माझा हात तिथंच थांबला. लय आनंद झाला मला! एक रोप उपटलं तेवढंच, बाकीची ऱ्हाऊ दिली.

बाभळी डोक्याच्या वर गेल्या. पाला पडून कुजला, वरनं येणारा चिखल बुंध्याशीच अडायला लागला. गाव म्हणायचं, हरणाबाईनं काट्याचं पीक घेतलंय. म्हणा, म्हणलं!

लढाई संपली नि मालक आलं. रान बघून तोंडच उतरलं त्यांचं. "हेच संबाळलंस?" त्या दिवसापास्नं तिकडं फिरकलं न्हाईत. एक दिवस म्हणलं, "पलटणीत परत घेत्यात. दसरा झाला की जातो. हितं काय ऱ्हायलंय?"

एवढी वर्सं वाट बघितली, आन मानूस परत जानार, ते बी माझ्या बाभळीपायी! मी गुपचूप बाभळीतली एक पट्टी साफ करून हुलगा पेरला हुता. बोलले न्हाई कुणाला. पिवळा पडला तर तोंड कुठं दाखवू?

जायाचा दिवस उजाडला. दारात ट्रंक, मलकापूरची लारी यायची वेळ. मी तशीच रानात पळाले. बघते तर हुलगा हिरवागार, आणि शेंगा! आगं माझे आई, शेंगा! पदर कुठं, पाय कुठं, भान न्हाई. घरी आले, दिरादेखत मालकांचा हात धरला.

"आवं, चला!"

"आगं, येडी झालीस का?"

"झाले! चला!"

वढतच नेलं. मालक बांधावर उभं ऱ्हायलं. वाकून माती उचलली, मुठीत दाबली, नाकाला लावली.

मागनं नाथाजीची हाक आली, "दादा, लारी आली! चल बिगी बिगी!"

मालक बांधावर बसलं आणि पलटणीच्या बुटाची नाडी सोडाय लागलं. "जाऊ दे लारी," म्हणलं. "उभ्या पिकात बूट घालून कोन शिरतंय गं?"