न उघडलेल्या तीन पेट्या

दक्षिण मतदारसंघ बरखास्त होणार हे नक्की झालं, तेव्हा निवडणूक कार्यालयात कुणाच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. शहराच्या सीमा नव्यानं आखल्या होत्या. दक्षिणचा अर्धा तुकडा मध्यला जोडला, उरलेला पूर्वला, आणि विषय संपला. फक्त वरून एक टूम निघाली, की बंद होणाऱ्या मतदारसंघाचा छापील इतिहास निघावा. पहिल्या निवडणुकीपासून तेरावीपर्यंत, प्रत्येक मतदान केंद्राच्या आकड्यांसकट. असलं काम आलं की कार्यालयातल्या सगळ्या माना आपोआप एकाच टेबलाकडे वळत. ते टेबल आकडेबाईंचं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. एकोणतीस वर्षं नोंदणी विभागात काढलेल्या या बाईंना कुठल्या केंद्रावर किती मतं बाद झाली हे विचारावं, आणि त्यांनी क्षणभर पंख्याकडे बघून आकडा सांगावा. बाई नाकासमोर चालणाऱ्या. लग्न केलं नाही. घरी चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा.

"दक्षिण तुमचीच की हो," शेजारचा कारकून म्हणाला. "माहेरचं काम आलं म्हणायचं."

"माहेर असायला आधी सासर लागतं," बाई म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली घेऊन उठल्या.

पण दक्षिण त्यांचीच होती, हे खरं. दक्षिणच्या अगदी टोकाला, नाल्याच्या काठानं पसरलेली खालची वस्ती. तिथे त्यांचा जन्म. वडिलांचं चौकात शिवणकामाचं दुकान. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर हातात कात्री आणि तोंडात टाचण्या धरून बोलत, आणि तरी त्यांचं बोलणं सगळ्यांना कळे. दर वर्षी नाला घरांत शिरायचा, तेव्हा लोकांना घेऊन नगरपालिकेच्या दारात जाऊन बसणारा माणूस हाच. चौथ्या निवडणुकीला ते गमतीगमतीत उभे राहिले आणि सपाटून आपटले. पाचवीला मात्र गंमत नव्हती. मधल्या पाच वर्षांत त्यांनी नाल्याला भिंत बांधून घेतली होती. पत्रकं छापून दिली समोरच्या छापखान्याच्या मालकानं, त्यांच्या जिवलग दोस्तानं. मुलं त्याला छापखानेकाका म्हणत. मतदानाच्या दिवशी रांग चौकातून वळून नाल्यापर्यंत गेली होती. म्हाताऱ्या बायका घरून स्टुलं घेऊन रांगेत बसल्या होत्या. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. रांगेतल्या लोकांना पाणी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

मास्तर तीनशे बारा मतांनी हरले. जुने खासदारच पुन्हा निवडून आले.

हरले ते हरले, त्याचं काही नव्हतं. पण या वेळी पहिल्यांदाच मोजणीच्या मांडवात कर्ण्यावरून केंद्रवार आकडे वाचून दाखवले, त्यात खालच्या वस्तीच्या तीन केंद्रांवर मास्तरांना मिळाली होती एकशे अठरा, सत्त्याण्णव आणि एकशे चार. अठराशे लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या पंधराशेंनी दुसऱ्याला दिलं! बाकीच्या सगळ्या मतदारसंघानं हात दिला आणि घरच्यांनीच गळा कापला. मास्तरांनी त्याच संध्याकाळी चौकात स्टुलावर उभं राहून वस्तीचा उद्धार केला.

"तोंडावर मास्तर मास्तर करता आणि पडद्याआड जाऊन शिक्का दुसऱ्यावर मारता! तुमच्यापेक्षा परके बरे. आजपासून या वस्तीचा आणि माझा संबंध संपला."

छापखानेकाका पुढे आले, त्यांचा हात धरला. "मास्तर, खाली उतर. माझ्या घरची चार मतं तुलाच पडलीत. पोरांची शपथ."

"सगळेच शपथ घेतात," मास्तर म्हणाले. "मग ते एकशे अठरा कोण आणि बाकीचे कोण? पोरांची शपथ घेऊन खोटं बोलू नकोस."

काकांनी हात सोडला तो कायमचा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिवायला आलेलं कापड, मापांच्या चिठ्ठ्यांसकट, ज्याच्या त्याच्या दारात ठेवून दिलं. महिन्याभरात बिऱ्हाड वरच्या भागात हलवलं. बाईंची आई गेली तेव्हा छापखानेकाका चालत आले होते. मास्तरांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. वस्तीशी धरलेला अबोला एक्केचाळीस वर्षं टिकला.

हे सगळं बाईंना पाठ होतं. घरात दुसरं काही बोललंच जात नसे, किंवा हेच कधी बोललं जात नसे, दोन्ही एकच.

पाचव्या निवडणुकीचे केंद्रनिहाय तक्ते जुन्या इमारतीच्या तळघरात होते. इतक्या वर्षांत ते कुणी मागितले नव्हते आणि बाईंनीही मुद्दाम टाळले होते. आता इतिहासासाठी ते वर आणावे लागले. मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी पाकीट उघडलं, चौथ्या निवडणुकीचे तक्ते डावीकडे ठेवले, पाचव्या निवडणुकीचे उजवीकडे, आणि आकडे उतरवून घ्यायला सुरुवात केली. केंद्र एक्केचाळीस. मास्तर एकशे अठरा. बाद सतरा. त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता पेन थांबलं, कारण हा आकडा त्यांनी आत्ताच, डाव्या कागदावरून लिहिला होता.

चुकून तोच कागद दोनदा घेतला असेल म्हणून त्यांनी वरचं साल बघितलं. सालं वेगळी होती. उमेदवार तेच चार होते, आणि आकडे तेच. बेचाळीसचेही तेच. त्रेचाळीसचेही तेच. बाद मतं सतरा, नऊ आणि बावीस; तीही तीच. पाच वर्षांनी तितक्याच लोकांनी, तितक्याच चुका करून, तितकीच मतं दिली होती! नाल्यापर्यंत गेलेली ती रांग कागदावर कुठेच नव्हती.

बाईंनी पेट्यांची नोंदवही काढली. त्या तीन केंद्रांच्या तीन पेट्या मोजणीच्या जागी पोचल्याची नोंद होती. लाखेचं सील शाबूत. पुढच्या रकान्यात इतर सगळ्या पेट्यांसमोर 'उघडली' असं लिहून सही केलेली. या तिन्हींसमोर तो रकाना कोरा. पेट्या तशाच गोदामात गेल्या होत्या. कुणाला कंटाळा आला होता की कुणाचा कट होता, ते कागदावरून कळायला मार्ग नव्हता. सही करणारा अधिकारी कधीच वारला होता. आणि आतल्या मतपत्रिका नियमाप्रमाणे एका वर्षानं जाळून टाकल्या होत्या.

बाई पंख्याकडे बघत बसल्या. शेजारच्या कारकुनाला वाटलं, आकडा आठवतायत.

दोन दिवसांनी त्या निवडणूक अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. अधिकारी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलायला मृदू. त्यांनी दोन्ही तक्ते नीट पाहिले, वहीही पाहिली.

"बाई, तुमच्या नजरेला मानलं," ते म्हणाले. "पण हे घालायचं कुठे?"

"पाचव्या प्रकरणात. एक पान."

"हे स्मरणपुस्तक आहे. चौकशी अहवाल नाही. तक्रार करायची मुदत निकालापासून पंचेचाळीस दिवस होती. एक्केचाळीस वर्षं झाली. ते खासदार नाहीत, मतपत्रिका नाहीत, आता तर मतदारसंघही नाही. निकाल बदलणार कुणाचा?" थोडं थांबून ते म्हणाले, "आणि त्यातले उमेदवार तुमचे वडील. लोक काय म्हणतील, सांगा बरं."

बाईंनी दोन्ही तक्ते एकावर एक ठेवले. वडिलांचा उल्लेख त्यांनी केला नव्हता, पण साहेबांनी चौकशी केलेली दिसत होती.

"छापील निकाल आहे तसा घ्या," साहेब म्हणाले. "आणि खालच्या वस्तीचं मतदान पुढे एवढं का घसरलं, त्यावर दोन ओळी टाका. ते वाचकांना आवडेल."

त्या दोन ओळी बाईंनी आधीच लिहून ठेवल्या होत्या. शहात्तर टक्क्यांवरून एकदम एकतीस, मग बावीस, आणि तेराव्या निवडणुकीला नऊ. कारण म्हणून त्यांनी सगळे लिहितात तोच शब्द लिहिला होता: उदासीनता.

वडिलांना सांगावं की नाही, याचा घोर त्यांच्या जिवाला आठवडाभर लागला. या वयात जुनी खपली कशाला काढायची, असं वाटे. पण एवढं ठाऊक असून रोज समोर बसून जेवायचं, हेही जमेना. रविवारी सकाळी मास्तर खिडकीपाशी ऊन घेत बसले होते. बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं; सावकाश, आकड्यांसकट.

मास्तरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे मी निवडून आलो होतो?"

"ते नाही सांगता येत, बाबा. मतपत्रिका जाळल्या."

"म्हणजे पडलो होतो?"

"तेही नाही सांगता येत."

"आणि वस्ती? वस्तीनं काय केलं?"

"ते कुणालाच माहीत नाही. त्या पेट्या उघडल्याच नाहीत."

मास्तरांचे हात मांडीवर होते. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, सुईत दोरा ओवताना घासतात तशी. मग ते म्हणाले, "मला त्याच्याकडे घेऊन चल."

"बाबा, छापखानेकाका चार वर्षांपूर्वी गेले. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"माहितेय. त्याच्या घरी घेऊन चल."

खालची वस्ती आता नव्हती. तिच्यावरून सहापदरी रस्ता गेला होता आणि माणसं शहराबाहेरच्या एकसारख्या इमारतींत विखुरली होती. काकूंचा पत्ता बाईंनी मतदार यादीतून काढला. सहावा मजला, आणि लिफ्ट बंद. मास्तर प्रत्येक वळणावर थांबत चढले. बाई म्हणाल्या, "परत जाऊ या." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कठडा धरला.

दार काकूंनीच उघडलं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, ओळखलं. "या," म्हणाल्या. 'बसा' म्हणाल्या नाहीत. एक खुर्ची मात्र पुढे सरकवली. खोलीत खाट, टेबल, आणि काकांचा एक फोटो. त्यात ते चष्म्यावरून बघत होते.

मास्तरांनी पेट्यांचं सांगितलं. तीनदा दम लागला. बाईंनी मध्ये सावरून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी हातानं थांबवलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यांनी पुन्हा कधी मत दिलं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खूप वापरून विटलेलं काही असावं तसा होता. "मोठ्याचं नाव नोंदवायला माणूस आला होता, त्याला दारातून परत पाठवलं. म्हणाले, एकदा दिलं आणि चोर ठरलो, तेवढं पुरे. चौकातल्या सगळ्यांचं तेच. रांगेत उभं राहिलं की माणसं एकमेकांकडे बघायची, हाच का तो, म्हणून. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते आकडे आले. एकतीस. बावीस. नऊ. आपण कार्यालयात बसून त्याला एक शब्द चिकटवला होता, आणि त्याचं कारण आपल्याच घरात खिडकीपाशी ऊन घेत बसलं होतं.

"रस्ता काढायचं ठरलं," काकू पुढे म्हणाल्या, "तेव्हा आम्ही सगळ्या पुढाऱ्यांकडे गेलो. एकानं यादीच काढून दाखवली. म्हणाला, तुमच्याकडून मतं किती पडतात, बघा. तुमच्यासाठी कोण भांडणार?"

मास्तर खुर्चीच्या कडेला आले. "वहिनी, माझं चुकलं."

"हो," काकू म्हणाल्या. "चुकलं."

त्या आणखी काही म्हणतील म्हणून मास्तर वाट बघत राहिले. काकूंनी पदरानं टेबलाची कड पुसली.

"आता मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं तो गेला. बाकीचे कुठे कुठे आहेत, ते मलाच ठाऊक नाही. पाणी देऊ?"

मास्तरांनी पाणी घेतलं. उतरताना ते एकाही वळणावर थांबले नाहीत. बाईंना त्यांचा दंड घट्ट धरावा लागला.

पुस्तक दोन महिन्यांनी छापून आलं. मुखपृष्ठ चकचकीत, कागद जाड. बाईंनी 'उदासीनता' खोडून तिथे 'कारणांची नोंद उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं. छापताना कुणीतरी ते पुन्हा 'उदासीनता' केलं. पाचव्या प्रकरणात तीन केंद्रांचे आकडे होते तसे होते. प्रकाशनाला साहेबांनी बाईंना पुढे बोलावून फुलं दिली, टाळ्या झाल्या.

मास्तरांनी पुस्तक बघायला मागितलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. ते काही सांगत नसत. फक्त एखाद्या दुपारी जुन्या लोकांची नावं घेऊन विचारत, अमका कुठे असतो आता, तमकीची मुलगी कुठे दिली. बाई कार्यालयात यादी धुंडाळून पत्ते आणत. पाच जण सापडले. त्यांतल्या तिघांच्या नावापुढे मृत असं लिहिलेलं. चौथ्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, वडिलांना आता काही आठवत नाही. पाचवी बाई म्हणाली, "कोण मास्तर?" आणि आठवल्यावर फोन ठेवला.

नव्या सीमांनुसार पहिली निवडणूक जाहीर झाली, त्याच आठवड्यात मास्तर गेले. बाईंनी काकूंना निरोप पाठवला होता. कुणी आलं नाही. कार्यालयातले चौघे, शेजारचे दोघे, एवढीच माणसं.

तेराव्या दिवसानंतर बाई कामावर रुजू झाल्या. टेबलावर मध्य मतदारसंघाची कच्ची यादी आली होती. पान एकशे साठवर वडिलांचं नाव होतं, वय चौऱ्याऐंशी, पत्ता बरोबर. त्यांनी नाव वगळण्याचा अर्ज काढला आणि कारणाच्या रकान्यात नेहमीच्या अक्षरात 'मृत्यू' लिहिलं. अर्जदाराच्या जागी सही केली, तपासणाऱ्याच्या जागीही त्यांचीच सही लागत होती, तीही केली.

"बाई, पूर्वची यादी पण आजच द्यायचीय," शेजारचा कारकून म्हणाला.

"आण इकडे," त्या म्हणाल्या.